उल्कानने न उघडलेलं दार

उल्कान आमच्या खातिन गावी राहायला आली तेव्हा तिची पक्की समजूत होती की थंडी म्हणजे काय ते आपल्याला कळलंय. एक हिवाळा तिने याकुत्स्क शहरात काढला होता ना! आता शहरातला हिवाळा म्हणजे काय, तर चौथ्या मजल्यावरची खोली, भिंतीला लागून गेलेले गरम पाण्याचे नळ, आणि घरात अर्ध्या बाह्यांचे कपडे घालून आइस्क्रीम खाणारी माणसं. बेकरीपासून बसथांब्यापर्यंतची दोनशे पावलं, एवढाच काय तो तिचा आणि थंडीचा संबंध. पण बाई आल्या आल्या शेजारणींना म्हणाली, "इथली थंडी सोसते हो मला." शेजारणी तोंडावर काही बोलल्या नाहीत. पाठीमागे मात्र आम्ही सगळे पोट धरून हसलो.

ती मूळची किर्गिझस्तानातली, ओशकडच्या एका गावची. जर्दाळूची झाडं आणि भाताची खाचरं बघत वाढलेली. भावाबरोबर पाव भाजायला म्हणून याकुत्स्कला आली. आमचा केस्किल त्या बेकरीत ट्रकने पिठाची पोती पोचवायचा. पोती उतरवायला अर्धा तास पुष्कळ झाला, हा अडीच तास लावायचा. पुढचं काय सांगायचं! लग्न झालं, उन्हाळ्यात मुलगी झाली, तिचं नाव नारीयाना ठेवलं, आणि सप्टेंबरात केस्किलने दोघींना गावी आणून आपल्या आईच्या हवाली केलं.

त्याची आई आकुलिना. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं पळी चालवलेली बाई, तोंडाने फटकळ आणि हाताने सढळ. सुनेला याकूत येत नव्हती, सासूला किर्गिझ येत नव्हती, आणि रशियन दोघींनाही येत होती ती कामापुरती. पण या दोन भाषा लांबच्या बहिणी आहेत. आगीला सून 'ओत' म्हणायची, सासू 'उओत' म्हणायची. तेवढ्यावर चूल पेटत होती.

शिकवणी सुरू झाली ती ऑक्टोबरातच. बाहेर निघताना श्वास नाकाने घ्यायचा, तोही रुमालातून. धावायचं नाही, कितीही उशीर झाला तरी. लोखंडाला उघडा हात लावायचा नाही, कुलूप असो की कुऱ्हाडीचं पातं. धुतलेले कपडे बाहेर दोरीवर घातले की पाच मिनिटांत पत्र्यासारखे ताठ होतात, ते आत आणताना दुमडायचे नाहीत. उल्कानने पहिल्याच आठवड्यात केस्किलच्या सदऱ्याची बाही काडकन मोडली. आकुलिना म्हणाली, "वा! आता एका हाताचा नवरा शोध, त्याला होईल." नोव्हेंबरात गावाने नदीवरचा बर्फ कापला आणि प्रत्येकाच्या अंगणात वर्षभराच्या पिण्याच्या पाण्याच्या लाद्या रचल्या. रोज एक लादी आत आणून पिंपात टाकायची आणि वितळली की चहाला घ्यायची. हे सगळं उल्कान झटपट शिकली. पोरगी हुशार होती, नाही कोण म्हणतो?

पण एक गोष्ट तिला कुणी सांगितली नाही. सांगायची असते हेच कुणाच्या डोक्यात आलं नाही. आमच्या गावात सकाळी कुणी कुणाला बरं आहे का म्हणून विचारत नाही, धूर बघतात. कडाक्याच्या थंडीत वारा नसतो आणि धूर धुराड्यातून सरळ वर जातो. उठलं, चूल पेटवली, की बाहेर येऊन आजूबाजूची चार-पाच घरं बघायची. धूर आहे म्हणजे माणसं उठली, चूल चालू आहे. धूर नाही म्हणजे टोपी घालायची आणि निघायचं, मग त्या घराशी तुमचं दहा वर्षांचं भांडण का असेना. कुठली घरं कुणी बघायची हे कुणी नेमून दिलेलं नाही, पण ज्याचं त्याला माहीत असतं. आकुलिनाचं घर समोरच्या गाव्रिल आबांच्या वाट्याचं होतं.

गाव्रिल आबा म्हणजे सत्तरीला टेकलेला कोळी. कमी बोलणारा, खांदे पडलेला, पण नदीच्या बर्फाखाली लावायची जाळी विणावीत तर त्यांनीच. त्यांच्या गाठी बघायला शेजारच्या गावातून माणसं येत. बायको आगाफ्या काकू बोलण्याची सगळी कसर भरून काढायची. उल्कानने आबांना तोवर दोनदा की तीनदा पाहिलं असेल, आणि हिवाळ्याच्या कपड्यांत आमच्याकडे सख्खा भाऊही ओळखू येत नाही.

डिसेंबरात आकुलिनाच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायचा ठरला आणि ती याकुत्स्कला गेली. केस्किल त्याआधीच गोठलेल्या नदीवरच्या वाटेने उत्तरेला माल घेऊन गेला होता, तीन आठवड्यांच्या फेरीवर. घरात राहिल्या उल्कान आणि पाच महिन्यांची नारीयाना. निघताना सासू बजावून गेली, "पहाटे पाचला चूल, संध्याकाळी पाचला चूल. यात ढिलाई नको." आगाफ्या काकू म्हणाली होती, "सोबतीला येऊन झोपते." पण उल्कानला संकोच वाटला. सासूच्या शेजारणीला आपल्यासाठी कष्ट कशाला? नको म्हणाली.

चार दिवस चूल वेळेवर पेटली. पाचव्या पहाटे पारा उणे बावन्नला गेला आणि उल्कानला आईच्या घरची युक्ती आठवली. ओशकडे हिवाळ्यात सबंध घर तापवत बसत नाहीत. दोन माणसांसाठी खोली गरम करणाऱ्या बाईला तिकडे उधळी म्हणतील. तिकडे बुटक्या मेजाखाली निखाऱ्यांचं भांडं ठेवतात, मेजावरून मोठी रजई पसरतात, आणि सगळं घर पाय आत घालून भोवती बसतं. तिथेच जेवण, तिथेच गप्पा. उल्कानने चुलीतले रात्रीचे उरलेसुरले निखारे लोखंडी भांड्यात काढले, चहाच्या मेजाखाली सरकवले, घरातल्या तीनही रजया वर टाकल्या आणि पोरीला कुशीत घेऊन बसली. पायांना छान ऊब लागली. आईच्या घराची इतकी आठवण आली की डोळे भरून आले. चूल पेटवायची राहिली. पेटवू उजाडल्यावर, एवढं काय!

तिकडच्या फटींच्या, खेळत्या हवेच्या घरात ही रीत उत्तम आहे. आमच्याकडे घर डबीसारखं बंद असतं, भिंतींच्या सांध्यांत शेवाळ ठासलेलं असतं. निखाऱ्यांचा वायू कोंडला तर माणूस झोपेतच जातो. आणि न तापलेलं घर दोन-तीन तासांत असं गारठतं की पिंपातलं पाणी घट्ट होतं आणि चुलीच्या विटांना भेगा पडतात. हे तिला माहीत असायचं कारण नव्हतं.

आठ वाजले असतील. आमच्याकडे त्या दिवसांत आठला अंधारच असतो. दारावर कसलातरी दबका आवाज झाला. थंडीसाठी दाराला लोकरीचा जाड नमदा ठोकलेला असतो, त्यावर कातडी हातमोज्याने ठोठावलं तर उशीवर थोपटल्यासारखं वाटतं. मग कुणीतरी दार ओढलं. ते उघडलं नाही, कारण उल्कानने आतून कडी घातली होती. आमच्या गावात हिवाळ्यात कुणी कडी घालत नाही. कडी असते ती वाऱ्यासाठी.

ती उठून खिडकीशी गेली. रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात काचेवरच्या बर्फातून एक मोठी सावली तेवढी दिसली. सावली पुरुषाची होती आणि रुमालाआडून काहीतरी ओरडत होती. उल्कानला एक शब्द कळला नाही. नवरा घरी नाही, सासू घरी नाही, आणि परका पुरुष दार ओढतोय. तिच्या गावात अशा वेळी बाई दार उघडत नाही, उत्तरही देत नाही, कारण आवाज दिला की एकटी बाई आहे हे कळतं. तिला असंच वाढवलं होतं. तिने पोरीला छातीशी धरलं, दुसऱ्या हातात चुलीची सळई घेतली आणि भिंतीला पाठ लावून गप्प उभी राहिली.

मग काचेवर टकटक सुरू झाली. ही मात्र स्पष्ट होती, उघड्या बोटांची. टकटक, थोडं थांबून पुन्हा टकटक. बाहेरचा माणूस एकदा या खिडकीशी जायचा, एकदा त्या. उल्कानला वाटलं, दारू प्यालेला कुणी असणार. किती वेळ गेला कुणास ठाऊक. ती पुढे म्हणायची, पंधरा मिनिटं असतील. शेवटी नारीयाना जागी होऊन रडायला लागली. पोरीचा आवाज बाहेर गेला आणि टकटक थांबली. बर्फावरची पावलं करकरत दूर गेली. उल्कान पोरीला थोपटायला लागली.

थोड्या वेळाने बाईचा आवाज आला. "उल्कान! अगं उल्कान, मी आगाफ्या! उघड गं बाळे!" हा आवाज तिला ओळखू आला. तिने कडी काढली. आगाफ्या काकू आत आली, मागे ती मोठी सावली, आणि सावलीने रुमाल खाली ओढला तर ते गाव्रिल आबा. भुवया, पापण्या, मिशा सगळं पांढरं. आबांनी टोपीही काढली नाही. सरळ मेजाकडे गेले, रजया फेकल्या, निखाऱ्यांचं भांडं उचलून बाहेर बर्फात उपडं केलं, दार क्षणभर उघडं ठेवून हवा बदलली, आणि चुलीपुढे गुडघे टेकून लाकडं रचायला बसले. काकूने नारीयानाला आपल्या कोटात घेतलं. पिंपातल्या पाण्यावर साय धरावी तसा बर्फ धरला होता.

काडी ओढताना आबांच्या हातातून पेटी दोनदा पडली. उल्कानने पाहिलं, उजव्या हाताची मधली दोन बोटं पार पांढरी पडली होती, कणकेची केल्यासारखी. तिच्या तेव्हा लक्षात आलं की काचेवर वाजत होती ती हीच बोटं. नमद्यावर हातमोजा वाजेना म्हणून म्हाताऱ्याने उणे बावन्नात हातमोजा काढला होता.

"मेल्या, हात बघ तुझा!" काकू किंचाळली. "थेरड्या, अक्कल कुठं ठेवून आलास?"

"आधी चूल," आबा म्हणाले.

दुपारी गावची नर्स आली. बोटं बघून ती चुकचुकली. "कसं झालं हो हे?"

उल्कान तिथेच उभी होती, चहाचा पेला हातात घेऊन. आबांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "जाळी ओढत होतो," म्हणाले. "मोठा मासा होता. हातमोजा पडला पाण्यात. मासा सोडवेना."

एक शब्द बोलायचा होता, तो उल्कानला बोलता आला नाही, आणि तिथून पुढे त्या शब्दाचं ओझं झालं. जानेवारीत याकुत्स्कला दोन्ही बोटांची वरची पेरं काढावी लागली. जाळ्याच्या गाठी मारणाऱ्या माणसाची पेरं!

केस्किल फेरीवरून परतला तेव्हा बायको बोचकं बांधून बसलेली. "मला ओशला पाठव. मला इथली थंडी जमत नाही."

"अगं पण तूच तर म्हणायचीस, सोसते म्हणून!"

"नाही सोसत." खरं कारण ती त्यालाही सांगू शकली नाही. बोटांची गोष्ट बाहेर आली तर या गावात तोंड कसं दाखवायचं? आणि नाही आली तर आबांसमोर रोज कसं उभं राहायचं?

पण ती गेली नाही, आणि याचं श्रेय आबांनाच. हाताला बँडेज बांधलेला तो म्हातारा रोज पहाटे यायला लागला. म्हणायचा, चूल शिकवतो. लार्चची लाकडं आधी, भूर्जाची नंतर. निळी ज्योत पूर्ण विझल्याशिवाय धुराड्याची झडप लावायची नाही, कधीच नाही! डाव्या हाताने दाखवायचे आणि उजवा हात कोटाच्या खिशात. उल्कानने हिंमत करून "आबा, त्या दिवशी..." एवढं म्हटलं की म्हातारा लगेच म्हणायचा, "हे लाकूड ओलं आहे, ते घे." असं एकदा नाही, वीस वेळा झालं. ती पहाटे पाचला उठायची ती थंडीच्या धाकाने नव्हे, तर आबा आले आणि चूल गार दिसली तर त्यांना वाईट वाटेल म्हणून. त्यांचे तिच्यावर इतके उपकार होते की रागावून बोलले असते तर तिला हलकं वाटलं असतं. मार्च उजाडला, ऊन पडलं, आणि बोचकं कुणी काही न बोलता सुटलं.

त्याला अकरा वर्षं झाली. आज उल्कान आठवड्यातून दोनदा पाव भाजते, गोल, मध्ये ठसा उमटवलेला, तिच्या माहेरचा. भट्टीतला पहिला तुकडा आगीला देते, आमच्या रीतीने. शाळेला पाव तिचा, लग्नाला पाव तिचा. याकूत आमच्यासारखीच बोलते, फक्त रागावली की किर्गिझ निघते. नवी माणसं आली की त्यांना रुमाल बांधायला शिकवते आणि सासूपेक्षा जास्त ओरडते. आणि पहाटे अंगणात उभी राहून सहा घरांचे धूर बघते. यातलं एक घर आबांचं आहे.

आबा मात्र मासा सोडायला तयार नव्हते. दर हिवाळ्यात तो मासा वीतभर वाढायचा. पहिल्या वर्षी हातभर होता, यंदा माणसाएवढा झाला होता. पोरं मुद्दाम विचारायची, आबा, बोटं कशी गेली? आणि आबा रंगवून सांगायचे. सगळे हसायचे, नदीवर जन्म काढला आणि हातमोजा सांभाळता आला नाही! उल्कान तिथे असली की उठून बाहेर जायची.

परवाच्या नोव्हेंबरात बर्फकापणी झाल्यावर जेवण आकुलिनाकडे होतं. पंधरा-सोळा माणसं दाटीवाटीने बसली होती, माशाचं कालवण होतं, उल्कानचे पाव होते. माशाची गोष्ट निघालीच. शाळेत नवीन आलेला व्यायामाचा मास्तर, स्तेपान नाव त्याचं, त्याला गावात येऊन दोन महिनेही झाले नव्हते. तो हसत हसत म्हणाला, "आबा, राग मानू नका, पण असा कोळी मी पाहिला नाही. माझी सात वर्षांची पुतणीसुद्धा हातमोजा दोरीने गळ्यात बांधते!"

सगळे हसले. आबाही हसले. उल्कान चहाची किटली घेऊन उभी होती. तिने किटली खाली ठेवली.

"मासा नव्हता," ती म्हणाली.

"अगं, चहा ओत," आबा घाईने म्हणाले.

"नाही ओतत. मासा नव्हता आणि जाळंही नव्हतं. आबांची बोटं माझ्या खिडकीवर गेली. आमच्या धुराड्याला धूर नव्हता म्हणून ते बघायला आले होते आणि मी दार उघडलं नाही. मी आत उभी होते. मला टकटक ऐकू येत होती. तरी नाही उघडलं." ती बसलेल्यांकडे वळली. "अकरा वर्षं तुम्ही त्यांना हसताय आणि मी गप्प बसले. हसायचं तर मला हसा."

मास्तराचा चमचा हातातच राहिला. बाकी कुणी दचकलं नाही, हे उल्कानला जरा उशिरा दिसलं. लोक एकमेकांकडे बघत होते, चोरी पकडली गेल्यासारखे.

प्रोकोपी, बर्फकापणीचा मुकादम, खाकरला. "आता निघालंच आहे तर सांगतो. त्या महिन्यात आबांची जाळी माझ्या कोठारात होती. उसनी नेली होती मी. नदीत एकही नव्हतं."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच माहीत होतं गं," नर्स म्हणाली. "नदीच्या पाण्यात भिजलेला हात मी ओळखत नाही होय?"

उल्कानने सासूकडे पाहिलं. आकुलिना पावाचा तुकडा कालवणात बुडवत होती. "माझ्याकडे काय बघतेस? इस्पितळातनं नवे डोळे घेऊन आले, तर दारात पहिलं तेच दिसलं. दोन्ही खिडक्यांच्या काचांवर बर्फात बोटांचे ठसे. तू झोपलीस तेव्हा खरवडून काढले मी."

"आणि मला काही बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? परक्या गड्याला दार उघडू नये हे तुझ्या आईने शिकवलं, ते चांगलंच शिकवलं. इथलं शिकवायचं माझं काम होतं, ते माझ्याकडून राहिलं. माझी चूक मी तुझ्या गळ्यात बांधू होय?"

उल्कान ओक्साबोक्शी रडायला लागली. आगाफ्या काकूने तिला जवळ घेतलं आणि नवऱ्यावर डाफरली, "बघ, तुझ्या माशापायी रडवलीस पोरीला!"

"मी कुठं रडवलं?" आबा खरोखरच चिडले होते. "अकरा वर्षं सांभाळलेली गोष्ट हिने एका मिनिटात घालवली. आता पोरांना काय सांगू मी?"

"पण खोटं का बोललात आबा?" उल्कानने डोळे पुसत विचारलं. "मी शिव्या खाल्ल्या असत्या. माझ्या वाट्याच्या होत्या."

एवढं बोलायची आबांना सवय नव्हती, माशाबद्दल सोडलं तर.

"शिव्या गेल्या चुलीत," ते म्हणाले. "मी सांगितलं असतं की हिने दार उघडलं नाही, हात गेला, तर गावात बोललं गेलं असतं. मग पुन्हा कधी तुझ्याकडे धूर नसता दिसला, तर माणूस निघाला असता, पण फाटकाशी थांबला असता. उघडेल की नाही, जावं की न जावं. एवढंच. घटकाभर थांबला असता. आणि घरात पाच महिन्यांचं पोर."

कोपऱ्यात अकरा वर्षांची नारीयाना पावाला लोणी लावता लावता थांबली होती आणि आबांच्या हाताकडे बघत होती. मग ती उठली, माणसांच्या गुडघ्यांवरून वाट काढत आली आणि तो लोणी लावलेला पाव तिने आबांच्या त्याच हातात ठेवला.